लाजवंतीचं पाणी

चिमाजीनं लाजवंतीला जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलं, डोकं तेवढं बाहेर ठेवलं आणि तिचं तोंड चुलीच्या धुराकडे धरलं. दुसऱ्या हातात शिंपली होती. जनावरानं डोळे मिटून घेतले. ते दरवेळी असंच करी, आणि दरवेळी त्याला ते उघडावेच लागत. थोड्या वेळानं डोळे उघडले. तोंडाच्या मानानं ते भलतेच मोठे होते, आणि धुरानं तांबारले होते. कोपऱ्यात पाणी जमलं तशी चिमाजीनं शिंपलीची कड गालाला लावून थेंब आत घेतला. एक झाला. असे चार लागत, डोळ्याला दोन-दोन.

दिवस डोंगराच्या कडेला टेकला होता. त्याची बायको ठकुबाई पाण्याला गेली होती. ती आली, हंडा उतरवला, की तिचं डोकं मांडीवर घ्यायचं आणि तिच्या डोळ्यांत थेंब घालायचे, असं एक दिवसाआड चाललं होतं. दसऱ्यापासून वैशाखापर्यंत खंड पडला नव्हता.

तिसरा थेंब शिंपलीत उतरला तेव्हा खालून हाक आली. शेजारच्या आक्काबाईची हाक होती. ती रडत नव्हती. नुसती चिमाजीचं नाव घेत होती, आणि नाव अर्ध्यावर तुटत होतं.

चिमाजीनं आतूनच ओ दिली. मग जनावर डालग्याखाली सोडलं आणि डालग्यावर धोंडा ठेवला. शिंपली कोनाड्यात ठेवली, कलंडू नये म्हणून बुडाशी राख दाबली, वर हिरड्याचं पान झाकलं. एवढं सगळं करून मग तो गेला.

पुढं कितीतरी दिवस त्याला हेच आठवत राही. बायको कड्याखाली पडलेली, आणि हा राख दाबत बसलेला.

ठकुबाई पाणवठ्याच्या वाटेखाली तीन पुरुष खोल पडली होती. हंडा तिच्याही खाली जाऊन करवंदीच्या जाळीत अडकला होता. वरचा झरा फाल्गुनातच आटला होता, म्हणून बायका खालच्या झऱ्यावर जात. वाट साठ-सत्तर पावलांचीच, पण एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. आक्काबाईनं खाली उतरून तिच्या तोंडावर पदर टाकला होता. चिमाजीनं पदर उचलला, पाहिलं आणि पुन्हा टाकला.

हिर्डोशीच्या वर दोन तासांच्या चढणीवर धनगरांची सहा घरं होती. म्हशी राखायच्या, लोणी कढवायचं, तूप भोरच्या बाजारी न्यायचं, एवढाच तिथला उद्योग. सहाही घरची माणसं मातीला आली. सगळ्यांनी एकच म्हटलं की पाय घसरला. चौदा उन्हाळे ती त्या वाटेनं डोक्यावर हंडा घेऊन चालली होती, पण घसरायचा तो पाय एकदाच घसरतो, असं म्हाताऱ्या सावळानं सांगितलं आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. चिमाजीनंही हलवली.

घरात आला तर तो वास तसाच होता. लाजवंतीचा वास. ओल्या कांबळ्यात मूत मुरावं तसा. सात महिने तो त्याच वासात जेवला होता, झोपला होता, आणि त्याला तो जाणवेनासा झाला होता. त्या रात्री पहिल्या दिवसासारखा जाणवला. त्यानं अंथरूण उचललं आणि गोठ्यात म्हशींजवळ टाकलं.

ठकुबाईचे डोळे मागल्या पावसाळ्यात आले होते. ओल्या लाकडांचा धूर, वर सारखं पाणी गळणं. सकाळी पापण्या चिकटलेल्या असत आणि ती भिजल्या बोटानं त्या सोडवत बसे. चिमाजीचा बाप सांगत असे की लाजवंतीच्या डोळ्याचं पाणी घातलं की डोळा निवळतो. तिला अंधारात दिसतं, म्हणून तिच्या पाण्यात दिठी असते. आधी डोळ्यावर पांढरं वर येतं, तो आतला मळ असतो. मग तो झडतो आणि डोळा लख्ख होतो. बापानं असा कुणाचा डोळा बरा केलेला चिमाजीनं पाहिला नव्हता. बाप सांगायचा, तेवढंच.

या डोंगरात लाजवंती मिळणं सोपं नव्हतं. हयातीत एकदा-दोनदा दिसावी असं जनावर. चिमाजी वरंध्याच्या अंगाला दोन रात्री वेलींच्या जाळ्या धुंडत राहिला आणि तिसऱ्या दिवशी फाटक्या हातांनी ते घेऊन आला. माकडाच्या जातीचं, पण वीतभर अंग, शेपूट नाही, हातपाय काड्यांसारखे. पळायला आलं नाही त्याला. पकडताना ते नुसतं थांबलं आणि बघत राहिलं.

ठकुबाईनं ते पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

"नखं हायती त्याला," ती म्हणाली. "मानसावानी."

मग ती बाहेर जाऊन ओकली. परत आली, चूळ भरली, आणि त्यानं मांडी घातली होती तिच्यावर डोकं ठेवलं. तो विचारी, गुण आहे का? ती म्हणे, हाय की. कधी म्हणे, आज जाळ चांगला दिसला. माघात तिच्या दोन्ही बुबुळांवर पांढरं आलं, तेव्हा चिमाजीला बरं वाटलं. बाप बोलला होता ते खरं होत होतं.

तिसऱ्या दिवशी आक्काबाई भाकरी आणि आमटी घेऊन आली. सुतकाच्या घरात चूल पेटत नव्हती, म्हणून वस्तीतल्या बायका पाळीनं ताट आणत. ती उंबऱ्याबाहेरच बसली. चिमाजीनं घास मोडला. आमटीवर तेलाचा तवंग होता. त्यानं घास खाली ठेवला.

आक्काबाई बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिली. मग तिनं सांगितलं की चूक तिची आहे. त्या दिवशी ती पानं आणायला रानात गेली होती, तिला उशीर झाला, आणि ठकी तिची वाट न बघता एकटीच पाण्याला गेली. चिमाजी म्हणाला, त्यात चूक कसली, रोजची वाट. आक्काबाईनं मान वर केली.

"रोजची वाट व्हती, पर रोज माझा पदर धरून यायची ती," ती म्हणाली. "तिला दिसत न्हवतं, चिमा. संक्रांतीपासनं एक डोळा, आन् शिमग्यापासनं दोनी."

चिमाजीनं ताट बाजूला सारलं.

आक्काबाईनं मग सगळंच सांगितलं. ठकी माणसं पावलांवरून ओळखायची. म्हशी हात फिरवून ओळखायची. चुलीपासून दारापर्यंत किती पावलं, दारापासून गोठ्यापर्यंत किती, हे तिनं मोजून ठेवलं होतं. पीठ चाळायला आक्काबाईकडं आणायची. पौषात भाकरीत खडा लागला म्हणून चिमाजीनं ताट भिरकावलं होतं, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.

त्यानं विचारलं, मला का नाही सांगितलं?

"म्या बी तेच म्हनलं तिला. तर म्हनाली, आक्का, चौदा वरसांत पैल्यांदा मानूस माझं डोस्कं मांडीवर घेऊन बसतंया. गुण न्हाई म्हनलं तर उठंल की."

आक्काबाई उठली आणि ताट तिथंच सोडून गेली. चिमाजीनं आमटी कुत्र्याला घातली. मग त्यानं हात धुतले. पुन्हा धुतले. मांडीवरचं धोतर बघितलं. तिथं पिवळट डाग होते, थेंब ओघळल्याचे, सात महिन्यांचे. धोतर धुतलं होतं तरी ते गेले नव्हते.

तरीही सांज झाली की डालग्याखाली खुडबुड होई, आणि तो उठून नाकतोडे धरायला जाई. जनावराला खायला लागतंच. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी त्याला पिल्लू झालं होतं. अंगठ्याएवढं, डोळे उघडे, आईच्या पोटाला असं चिकटलेलं की फोड आल्यासारखं वाटावं. चिमाजीला आणि ठकुबाईला मूल नव्हतं. पाडव्यानंतर महिनाभर तो सांजेला डालग्याशी बसून ते पिल्लू बघत असे आणि आत बसलेल्या ठकुबाईला सांगत असे, आज त्यानं हात सोडला, आज कान हलवला. ती म्हणे, व्हय का. उठून बघायला कधी आली नाही. किळस येत असेल, असं त्याला वाटलं होतं.

सातव्या दिवशी देवी काढणारे आनंदराव वस्तीवर आले. संस्थानच्या नोकरीत त्यांची तीस वर्षं झाली होती, आणि दर वर्षी एकदा ते या चढणीनं येत. पोरांच्या दंडावर देवीची लस टोचणं हे त्यांचं काम, पण त्यांना नाद जनावरांचा. खार असो, साप असो, मोजायचं, वहीत लिहायचं आणि मुंबईला अशा नोंदी ठेवणारी कुणी मंडळी होती त्यांना पाठवायचं. वाटेत त्यांना ठकुबाईचं कळलं होतं. ते दारात टेकले, पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. मग त्यांची नजर डालग्यावर गेली, आणि पुढं सरकले ते बसल्या बसल्याच.

इतक्या वर्षांत त्यांनी जिवंत लाजवंती पाहिली नव्हती. चिमाजीला त्यांनी भीत भीत विचारलं, सुतकाचं घर आहे, पण मोजू का? चिमाजीनं मान हलवली.

आनंदरावांनी फीत काढली. नाकापासून बुडापर्यंत साडेआठ इंच भरले. तूप तोलायच्या काट्यावर ते एकवीस तोळे झालं आणि पिल्लू पाच तोळे. काट्याच्या पारड्यात जनावर बसलं आणि त्यानं पारड्याची साखळी चारही हातांनी धरली. त्या काट्यावरचं तूप आता कुणी घेणार नाही, असं चिमाजीच्या मनात आलं. पारडं काय, ते घरच सगळं तसं झालं होतं.

मग आनंदराव विचारू लागले आणि चिमाजी सांगू लागला. कधी धरली? दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी. नर होता का जवळ? त्या दिवसापासून कुणीच नाही. विण्याचा दिवस? पाडव्याच्या आदला. आनंदरावांनी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. म्हणजे पाच महिने आणि वर पंधरवडा तरी. मांजराला दोन महिने पुरतात, आणि हे एवढंसं जनावर बाईच्या निम्म्याहून अधिक दिवस पोट वागवतं, हे ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले आणि लिहून घेतलं.

चिमाजीला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. तो सांगत गेला. पिल्लू पहिले अठ्ठावीस दिवस पोटावरून हललं नाही. एकोणतिसाव्या दिवशी सांजेला आईनं त्याला काडीवर टांगलं आणि कमरेला बांधलेल्या दोरीच्या लांबीइतकी ती खायला गेली. ते तिथंच लटकत राहिलं, हूं नाही की चूं नाही. ती परतली की ते आपणच पोटाला चढे. नाकतोड्याचं डोकं आधी खातं. पाल मिळाली तर हाडासकट, त्याचा कुडकुड आवाज येतो. मुंग्यांचा चावा लागला तरी मुंग्या सोडत नाही. दूध अजून पितंच पिल्लू, पण परवापासून आईच्या तोंडाचा तुकडा चाटतं. आनंदरावांची शिसपेन्सील भरभर चालली होती. काही वेळ चिमाजी विसरून गेला की घरात माणूस मेलं आहे. हे ध्यानात आलं तशी त्याची जीभ थांबली, आणि तोंडात काहीतरी कुजल्यासारखं झालं.

आनंदरावांनी वहीतून मान न काढता विचारलं, अंग स्वच्छ ठेवतं का, मांजरासारखं?

"चाटतं की," चिमाजी म्हणाला. "पर सांज झाली की हातावर मुततं. दोनी हात भिजवतं, पायाला चोळतं. काडी हातातनं सुटू नये म्हनून करत आसंल. मग त्याच हातानं तोंड पुसतं, डोळं पुसतं."

शिसपेन्सील थांबली. आनंदराव कोनाड्याकडे बघत होते. शिंपली तिथंच होती, तिच्यावरचं पान वाळून वळलं होतं. ती कशाची, हे त्यांना विचारावं लागलं नाही. या डोंगरात तीस वर्षं फिरलेला माणूस.

"तिच्या डोळ्यात घालत होतास?"

"व्हय."

"कधीपासून?"

"दसऱ्यापासनं."

"डोळे पांढरे झाले होते?"

"झालं व्हतं. चांगलं दाट. बा म्हनायचा, मळ..." चिमाजी बोलायचा थांबला.

आनंदरावांनी वही मिटली. ते रागावले नाहीत. रागावले असते तर चिमाजीला बरं वाटलं असतं. खालच्या आवाजात ते म्हणाले की तसं दाट पांढरं आलेला डोळा परत येत नाही. तो मळ नव्हता, त्या घाणीनं डोळा नासला होता. धुरानं आलेले डोळे चार दिवस नुसत्या गरम पाण्यानं पुसले असते तरी बरे झाले असते.

बाहेर येऊन त्यांनी राख मागितली. चिमाजीनं तांब्यानं पाणी घातलं आणि ते हात चोळून चोळून धुऊ लागले. कोपरापर्यंत धुतले. नखं काडीनं कोरली. चिमाजी पाणी घालत होता आणि त्यांच्या बोटांकडे बघत होता. थेंब घालण्याआधी असे हात धुवायला त्याला सात महिन्यांत एकदाही सुचलं नव्हतं. डालग्याशी बसून सगळं बघितलं होतं त्यानं, दिवस मोजले होते, कुठला नाकतोडा आवडतो हे ठाऊक होतं. आणि मांडीवरच्या डोक्यातले डोळे कुणीकडे बघतात, हे बघितलं नव्हतं.

"हे पाणी पुन्हा कुणाच्या डोळ्यात जाता कामा नये," जाताना आनंदराव म्हणाले. "तू घालायचं नाहीस, आणि दुसरा कुणी घालत असेल तर त्याला सांगायचं. एवढं तरी कर."

त्याच दिवशी उन्हं कलल्यावर चिमाजी डालगं डोक्यावर घेऊन निघाला. वासाची धार मानेवरून पाठीत उतरत होती. वरंध्याच्या अंगाला, जिथं त्यानं ती धरली होती, त्या जाळीशी त्यानं डालगं उलटं केलं. लाजवंती बाहेर आली, पण गेली नाही. पोटावर पिल्लू घेऊन ती तिथंच बसली. त्यानं तिला उचलून वेलीवर ठेवलं, तर तिनं वेल न धरता त्याचं बोट धरलं. ओली, गार, सुरकुतलेली मूठ. त्याला शहारा आला. हात झटकला तर पिल्लू पडेल, म्हणून त्यानं एकेक बोट धरून सोडवलं. चार सोडवली की पहिलं पुन्हा बसे. त्यानं तिला शिवी दिली. शेवटी वेलीचा कोंब तिच्या मुठीत सरकवला तेव्हा ती मूठ तिथं मिटली.

डालगं त्यानं तिथंच जाळलं. शिंपली घरी येऊन फोडली. भुगा उकिरड्यात टाकला आणि ओढ्यात साचलेल्या गुडघाभर पाण्यात बसून तो अंग घासत राहिला. वास गेला नाही.

दहाव्याला ठकुबाईचा भाऊ गेनू आला. वेल्ह्याकडच्या, तोरण्याच्या पायथ्याच्या धनगरवस्तीतून पहाटे निघून तो चालत आला होता. पिंड ठेवला. कावळा लगेच शिवला, आणि जमलेल्या बायका म्हणाल्या की बाई तृप्त गेली, तिचं काही राहिलं नव्हतं. चिमाजीनं तिकडं पाठ केली. कावळ्याच्या चोचीत भात होता आणि त्याला तो बघवेना.

जेवणं झाल्यावर गेनू त्याच्याजवळ येऊन बसला. त्यानं तंबाखू चोळली, अर्धी चिमाजीला दिली. मग इकडच्या तिकडच्या चार गोष्टी बोलून त्यानं कोपऱ्यात नजर टाकली आणि विचारलं, जनावर कुठं आहे? आईनं आणायला सांगितलंय. ठकुबाईच्या आईचे, बयाबाईचे, डोळे चैत्रापासून गळत होते, सकाळी पापण्या चिकटत. अजून दिसत होतं, पण दिव्याभोवती कडं दिसतं म्हणायची.

"ठकीचं डोळं तुमच्या औशिदानं बरं झालं न्हवं, दाजी? संक्रांतीला निरोप आला व्हता तिचा. लई गुण हाय, मला सुईत दोरा वोवता येतो म्हनून. आई समद्या वस्तीला सांगती, जावई असावा तर आसा."

चिमाजीच्या तोंडात तंबाखू होती. त्यानं ती थुंकली. सांगायचं ते एवढंसं होतं. तिला दिसत नव्हतं. माझ्या औषधानं गेले तिचे डोळे. ती घसरली नाही, तिला कडा दिसला नाही. गेनूचं तोंड ठकुबाईसारखंच होतं, वरचा ओठ आखूड, ऐकताना थोडा उघडा राहणारा.

"मेलं ते," चिमाजी म्हणाला.

गेनूनं हळहळ केली. मग तो म्हणाला, हरकत नाही, आपल्याकडच्या रानातही आहे म्हणतात म्हातारी माणसं, धुंडू. पकडायचं कसं, ठेवायचं कसं, पाणी कसं काढायचं, ते तेवढं सांगा. चिमाजी म्हणाला, आता नको, डोकं ठिकाणावर नाही. गेनूला ते पटलं. तो उठताना मेव्हण्याच्या पायाला हात लावून गेला, आणि चिमाजीनं पाय आखडून घेतला.

पंधरा दिवसांनी, ज्येष्ठ लागल्यावर, चिमाजी वेल्ह्याच्या वाटेला लागला. सांगायचंच असं ठरवून निघाला होता. रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून आक्काबाईकडून लोटाभर तूप घेतलं. आपल्या घरचं न्यायला त्याचं मन घेईना. वाटभर तो वाक्य जुळवत होता. नदी ओलांडताना जुळलेलं वाक्य पलीकडच्या चढणीवर मोडे.

बयाबाई अंगणात सूप घेऊन बसली होती. नाचणी निवडत होती, तोंड सुपाला लागेल इतकं वाकून. तिनं पावलांच्या आवाजानं मान वर केली आणि कपाळावर हात धरला.

"कोन? जावईबापू का?"

"व्हय, आत्याबाई."

तिनं ओळखलं होतं. अजून दिसत होतं तिला. डोळे लाल होते, कडेला पिवळा चिकटा सुकला होता, पण बुबुळं काळी होती. चिमाजीनं ती नीट, जवळून बघितली. असं त्यानं कुणाच्या डोळ्यांत बघितलं नव्हतं.

तो अंगणात टेकला. तिनं सुनेला भाकरी टाकायला सांगितलं, गेनू कुठं गेलाय ते सांगितलं. रोज सांजचा रानात जातो, तीन दिवसांमागं एक दिसलं होतं त्याला, हातातून सुटलं, आज-उद्या मिळेल. चिमाजीनं घसा साफ केला. बयाबाई त्याच्या आधी बोलली.

"बापू, लेक गेली त्याचं दुक हायेच. पर जाताना तिला समदं दिसत व्हतं, ह्ये बरं झालं. माझी आई आंधळी होऊन मेली. लई वंगाळ मरन त्ये. तुमी माझ्या ठकीवर त्ये येऊ दिलं न्हाई."

तिनं चाचपडत त्याचा हात शोधला आणि दोन्ही हातांत धरला. तिचे हात सुके होते, नाचणीच्या कोंड्यानं खरखरीत. चिमाजीला आपल्या हाताला तो वास येत असल्यासारखं वाटलं. आता हिलाही येईल, असं वाटलं. पण ती धरून बसली आणि त्यानं ओढून घेतला नाही.

भाकरी आली. त्यानं अर्धी खाल्ली, अर्धी ताटात ठेवली. गेनू यायच्या आत निघतो म्हणाला, म्हशी आहेत, पाऊस कधीही येईल. बयाबाईनं अंगणाच्या कडेपर्यंत येऊन त्याला वाट दाखवली, उजव्या हाताला खड्डा आहे तो सांभाळा म्हणाली.

मृग लागून गेला. तिकडून अजून काही निरोप नाही. गेनूला जनावर मिळालं की नाही, चिमाजीला ठाऊक नाही. नदीला पाणी चढलं की वाट चार महिने बंद होते, आणि पाणी अजून चढलेलं नाही. बयाबाईला सांगायचं राहिलं आहे.